गिरणीवाल्यांचं नाव
गरम पिठाचा वास आला की तो फोन आठवतो. शाहूपुरीतले आमचे गिरणीवाले सगळ्यांना ‘पावणं’ म्हणायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांनाही पावणंच म्हणायची. दळण झालं की फोन करायचे, आणि आधी माझ्या आईची तब्येत विचारायचे. एका सकाळी अनोळखी नंबरवरून कुणीतरी एक नाव सांगून ‘गेले’ म्हणालं. त्या नावाचं कुणी मला माहीत नव्हतं; ‘राँग नंबर’ म्हणून मी फोन ठेवला. पुढं दळण घेऊन गेलो, तर गिरणीवर त्यांचा मुलगा, मुंडण केलेला. “बाबांच्या मोबाइलात तुमचं पूर्ण नाव हाय की. मी माझ्या फोनवरनं लावलेला, पर कुणीतरी राँग नंबर म्हणालं.” “नंबर बदललाय,” मी म्हणालो. त्यानं लगेच नवा मागितला. मी बायकोचा दिला. अजून दळणाचा फोन तिलाच येतो. तोही आधी आईची तब्येत विचारतो, म्हणते.