खालून पाहिलेले चेहरे

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास कुळगावातल्या ज्या घरांत तैलचित्रं होती, त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. हनुवटी मोठी, नाकपुड्या स्पष्ट आणि नजर पाहणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे. आमच्या ओटीवरचे आजोबाही तसेच. घराण्याचा रुबाब म्हणून ते चित्र पाहुण्यांना दाखवलं जाई.

चित्रं काढणारा एकच होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेला, अंबरनाथला दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा. हुबेहूब चेहरा उतरवणारा आसपास दुसरा कोणी नव्हता. म्हणून त्याला पायरी चढू न देणारी घरंही त्यालाच बोलवत. मालक ओट्यावर खुर्चीत बसत, पेंटर खाली अंगणात पोत्यावर.

"मालक, मान जरा खाली घेता का?" आजोबांचं चित्र चालू असताना त्याने विचारलं होतं.

"खाली? कोणाची चोरी केलीय का मी?"

पेंटर हसला आणि दिसत होती तशी हनुवटी रंगवून मोकळा झाला.

पुढे मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासू लागलो. मागच्या बराकीत एक सिंधी विधवा आणि तिचा एकुलता मुलगा राहत. मुलाला आफ्रिकेतल्या एका पेढीवर काम मिळालं होतं. परत कधी येईल ते त्यालाही सांगता येत नव्हतं. सिंधमधून निघताना नवऱ्याचा एकमेव फोटो मागे राहिला होता. आता त्याचा चेहरा नीट आठवत नाही, असं तिने एकदा सांगितलं. मुलाचंही तसंच होईल ही तिला धास्ती होती. फोटोतलं बारीक तिच्या डोळ्यांना दिसत नसे. चित्र मोठं हवं होतं. मी कुळगावच्या त्याच पेंटरला घेऊन गेलो.

"आओ अदा, खाट पे बैठो," ती म्हणाली. अदा म्हणजे भाऊ.

"मी इथंच बरा," म्हणत तो दाराशी जमिनीवर बसला. खाटेवर मुलगा बसला. ही त्याची कामाची पद्धत असेल, असं तिला वाटलं.

चित्र झालं तेव्हा जहाज सुटायला थोडे दिवस उरले होते. तिने ते डोळ्यांजवळ धरलं.

"ये किसका बेटा है?"

"आई, तुमचाच."

"ये तो कलेक्टर साब है. मेरा पुट, मेरा बेटा, ऐसे नहीं देखता." तिने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट नेलं. "यहाँ देखता है."

"रहने दो अम्मा, उधर जाके कलेक्टर ही बनूँगा," मुलगा म्हणाला. ती हसली नाही.

"अदा, तू वहाँ नीचे क्यूँ बैठा?"

पेंटरने माझ्याकडे पाहिलं. कुळगावात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो उठला आणि खाटेवर मुलासमोर बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी ती बराक अरुंद.

त्या दिवशी काहीच जमलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "एवढ्या जवळून कोणाचं तोंड बघितलंच नाही मी. समोरचा माझ्याकडं बघायला लागला की हात थांबतो."

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा मुलाने गप्पा सुरू केल्या. तुझी आई कुठे असते, तू शिकलास कुठे, पाट्या रंगवताना चूक झाली तर काय करतोस. उत्तरं देता देता पेंटरचा ब्रश चालू लागला. जुना चेहरा खरवडून त्याच कॅनव्हासवर त्याने नवा काढला. मुलगा गेला तेव्हा रंग ओलाच होता. काही दिवसांनी आम्ही दोघं पुन्हा गेलो. चित्र भिंतीवर उंच नव्हतं. खाटेवर बसलं की समोर येईल असं खाली टांगलेलं होतं.

"आई, चित्र वर लावतात," पेंटर म्हणाला.

"ऊपर? फिर बात कैसे करूँगी?"

हनुवटीवरचा ओला रंग पसरून काळपट झाला होता. तिने तिथे हात फिरवला असणार. पेंटरने पिशवीतून ब्रश काढला, तसा तिने त्याचा हात धरला.

"रहने दे अदा. दाढी बढ़ी है उसकी. जहाज पे कौन बनाता है?"