रामप्रसादचा नमुन्याचा दरवाजा

पिंगळीचा रामप्रसाद सुतार बैलगाड्यांचं काम बंद पडल्यावर, पन्नाशीत, लाकूड कोरायचं राउटर यंत्र शिकला. आदिनाथच्या नव्या घराचे दरवाजे त्यालाच मिळणार होते, पण आधी एक नमुना पसंत पडायला हवा होता. नाही तर दुकान बंद करून बायकोबरोबर ऊसतोडीला जायचं, असं घरात ठरलेलं होतं.

एका बाजूला सनमायका लावलेल्या दरवाजात कडीच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर काचेसाठी उभी फट पाडायची होती. भुसा खाली दाबणारं पिळाचं बिट, म्हणजे राउटरचं पातं, वरची कड साफ ठेवतं. त्याचं ते सकाळीच मोडलं. उरलेलं बिट भुसा वर ओढणारं, ते वरच्या सनमायकाचे टवके काढतं. म्हणून त्यानं दरवाजा पालथा घातला आणि मागून कापला. पालथं घातल्यावर डावं-उजवं उलटतं, पण माप मात्र त्यानं सवयीनं उजवीकडूनच घेतलं.

मी गप्पा मारायला दुकानात येऊन बसलो होतो. नमुना बघायला आलेल्या आदिनाथनं फटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मामा, लय साफ काम हाय!"

"मग! टवका दाखीव एक तरी," रामप्रसाद खुलून म्हणाला.

दरवाजा चौकटीला टेकवला, तर फट बिजागऱ्यांकडे आली होती.

"खालचं वर करून बसवू की," रामप्रसाद म्हणाला.

"मग काच गुडघ्यापाशी येती, मामा. पाव्हण्याचे पाय बघायचे का? ऱ्हाऊ द्या, मी परभणीहून तयार आणतो."

आदिनाथ गेला. रामप्रसादनं दारातूनच बायकोला, कमलबाईंना, हाक मारली. "ऊसतोडीच्या मुकादमाला हो म्हणून सांग."

"तुमच्यानं उसाची मोळी उचलंल का?" त्यांनी विचारलं.