तेजराव वाया कसा गेला

चार जण एका कॉम्प्युटरपुढे बसले की काम एकच जण करतो, उरलेले तिघं बोलतात. आमच्याकडे किस्से साठले ते असे. ते कोणी गोळा केले नाहीत. दुधावर साय धरते तसे आपोआप धरत गेले. आजही आमच्यापैकी कोणी दोघं भेटले की पाच मिनिटांत तेजरावाचा विषय निघतोच. तेव्हा आधी तेजरावाची ओळख.

तेजराव हा आमच्या व्हिडिओ गेमचा नायक. साल दोन हजारच्या थोडं पुढचं. देवासला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि वर्गातल्या सगळ्यांनी प्रोजेक्ट म्हणून लायब्ररीचा नाहीतर हॉस्पिटलचा हिशेब घेतला होता. दरवर्षी तेच! मला त्याची चीड यायची. मी जाहीर केलं, आपण गेम बनवायचा, तोही मराठीत. राक्षस, गुहा, तलवारी सगळं असलेला. एक थोर, सज्जन वीर पायरीपायरीने अंधाराच्या बाजूला कसा जातो, हे त्यात खेळणाऱ्याला स्वतःच्या हातांनी कळलं पाहिजे.

आम्ही चौघं. मिलिंदच्या घरी कॉम्प्युटर होता आणि खरं प्रोग्रॅमिंग त्यालाच यायचं. धारचा शैलेश चित्रं काढायचा. खातेगांवच्या गुड्डूकडे आवाज आणि टेस्टिंग. गोष्ट लिहिणारी मी. इकडे माळव्यात सगळेच एकमेकांना भिया, म्हणजे भैया, म्हणतात, त्यामुळे मुलगी असून मीही त्या तिघांची भियाच होते.

मिलिंदचे बाबा कारखान्यात होते. तरुणपणी नोकरीसाठी कराडकडून देवासला आले, ते इथलेच झाले. साहेबांकडे शब्द टाकून त्यांनी मिलिंदसाठी तिथेच जागा धरून ठेवली होती. इकडे पुण्याच्या एका छोट्या गेम कंपनीने मिलिंदला कळवलं होतं, गेम पूर्ण करून घेऊन या, मग बोलू. बाबांनी निकाल एका दमात सांगून टाकला होता. परीक्षेनंतरच्या रविवारी मला दाखव, त्यात काही दिसलं तर पुण्याला जा, नाहीतर सोमवारपासून माझ्याबरोबर निघायचं.

तोपर्यंत ते आमच्या कामाच्या खोलीतून डबा घेऊन जायचे, डबा घेऊन यायचे. स्क्रीनकडे एकदाही बघायचे नाहीत.

* * *

गोष्टीची सुरुवात मी साधी केली होती: एक राज्य होतं. शैलेशने एक छान महाल काढला. मिलिंद म्हणाला, देवासची पोरं गेम बनवणार आणि महाल एकच?

देवासला पूर्वी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, गाव एक. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना महाल आले. तेजरावाने राजाला मुजरा करून मोहिमेवर निघायचं होतं. तो एका महालाकडे वळला, मग मान राखायला दुसऱ्याकडे वळला, मग पुन्हा पहिल्याकडे. रस्त्याच्या मध्यावर तो जो मान हलवत उभा राहिला, तो कॉम्प्युटर बंद करेपर्यंत.

शैलेश म्हणाला, "आमच्या धारला असं नसतं. आमचे वीर सरळ चालतात."

मिलिंदने मान वर न करता उत्तर दिलं, "हो, शेजारच्या तिरला गावापर्यंत. तिथून चहा पिऊन परत."

* * *

चांगला माणूस का बिघडतो, यावर आमचा वाद कित्येक दिवस चालला. मला कारण मोठं हवं होतं. सत्ता, सूड, न्यायाची भूक. गुड्डूचं मत, दोस्ताने दगा दिला पाहिजे, त्याशिवाय मजा नाही. शैलेशचं म्हणणं, भर दरबारात अपमान. त्याच्या पूर्वजांपैकी कोणाला तरी पंगतीत मागच्या ओळीत बसवलं होतं आणि तो अपमान घराण्याने दागिन्यासारखा जपून ठेवलाय.

मिलिंद टाइप करत होता. म्हणाला, "दमला म्हणून."

आम्ही हसलो. मी तर त्याला भाषणच दिलं, की वीर असा दमून वगैरे हार मानत नसतो, ध्येय असलेला माणूस थकत नाही, आणखी बरंच काही. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू वीर बघितलायस का कधी, कामावरून घरी येताना?"

मी वहीतली सत्ता, सूड, न्यायाची भूक खोडून टाकली. शेवटचा प्रसंग त्याच्या मनासारखा ठरला. मागे गावकरी, पुढे शत्रू, आणि तेजराव एकटा वेशीचं दार रेटून धरतो. खेळणाऱ्याने एक बटण दाबून धरायचं. खूप वेळ. कंटाळा येईपर्यंत. मग अंधारातून आवाज येतो, "टेक आता. पुढचं मी बघतो." हो म्हटलं की तेजराव गेला. नाही म्हटलं की आणखी धरून बसायचं, पुन्हा तोच आवाज येईपर्यंत. नाही म्हणत राहणाऱ्याचं पुढे काय होतं, हे आम्ही लिहिलं नव्हतं. तशी वेळच कोणी आणली नाही.

* * *

अंधार एकदम येऊ नये, ही कल्पना माझी. तेजरावाने वाटेत जितक्या वेळा सोपा मार्ग धरला, कोणाचं धान्य उचललं, कोणाला मागे टाकलं, तितक्या वेळा स्क्रीन किंचित काळी व्हायची. इतकी किंचित, की खेळणाऱ्याला कळू नये. मला त्याचा फार अभिमान होता.

गुड्डूने खातेगांवहून मामेभावाला खेळायला आणलं. पोराने कहर केला. धान्य उचललं, पूल तोडला, जखमी म्हातारा वाटेत सोडला. पण स्क्रीन शेवटपर्यंत लख्ख! आम्ही प्रोग्रॅम तपासला, पुन्हा तपासला. चूक सापडेना.

मग दिसलं की त्याचा डावा हात सारखा मॉनिटरच्या खालच्या बटणाशी जातोय. तो ब्राइटनेस वाढवत होता.

"तुमचा मॉनिटर कमजोर आहे भिया," तो म्हणाला. "मी संभाळून घेतलं."

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, या देशाचं नेमकं हेच झालंय. गुड्डू म्हणाला, देशाचं मग बघू, आधी ब्राइटनेस खाली कर. मिलिंदने त्या बटणावर चिकटपट्टी लावली. पुढे आमच्या गेममधली सगळी नीतिमत्ता त्या चिकटपट्टीवर टिकून होती.

* * *

गुहेच्या तोंडाशी मी एक पाटी लावली होती: ‘तळघर खाली आहे.’ तळघरात राक्षस. वर्गातला जो येईल तो तलवार म्यान करून, शीळ घालत आत जायचा आणि मरायचा.

आम्हाला वाटलं राक्षस जास्त ताकदवान झालाय. मिलिंदने त्याची ताकद कमी केली. तरी लोक मरतच होते. आणखी कमी केली. शेवटी राक्षस शेळीएवढा राहिला, तरी गडी तलवार काढेचनात.

एक दिवस गुड्डू स्वतः मेला आणि भडकला. पाटीवर बोट ठेवून म्हणाला, "इथं साफ लिहिलंय ना, तळघर खाली आहे? मग आत हा कोण बसलाय?"

आम्ही सगळे हिंदी शाळेत शिकलेलो. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मिलिंदने त्याला विचारलं, तुझी आई खाली बस म्हणते तेव्हा तू काय करतोस?

"ते कळतं रे," गुड्डू म्हणाला. "ऐकलं की मराठी होतं. वाचलं की हिंदी होऊन जातं."

मराठीत गेम हवा म्हणून सगळ्यांत जास्त आरडाओरडा मी केला होता. त्या दिवशी गुड्डूपुढे माईक मीच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाटी बोलायला लागली, गुड्डूच्याच आवाजात. तळघराची पाटी त्याने जरा जास्तच मनावर घेतली: "तळघर खाली आहे. खाली म्हणजे नीचे, भिया. रिकामं नाहीये."

* * *

संवादांची भाषा तपासून घ्यायला आम्ही धारला शैलेशच्या काकांकडे गेलो. घरात त्यांना आबासाहेब म्हणतात. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, ठेवणीतल्या शालूसारखं. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्या ‘तू’चं ‘आपण’ केलं. त्यामुळे शत्रूही तेजरावाला "आपण आता मरावे" असं म्हणायला लागले.

मग माझा लाडका उतारा आला. अंधाराचा स्वामी तेजरावाला मोहात पाडतो तो. तीन राज्यं देईन, अमर करीन, असं पानभर भाषण. आबासाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"राज्य देतो म्हणतोय. पण एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसाला जेवलात का, हे विचारत नाही. याच्या मागे कोण जाईल?"

परत येताना बसमध्येच मी ते पान खोडलं. त्या जागी दोन शब्द ठेवले: "जेवलात का?"

त्यानंतर एकही खेळणारा त्या मोहातून वाचला नाही. सगळे बिनबोभाट अंधाराच्या स्वामीकडे जेवायला गेले आणि स्क्रीन आणखी काळी करून मगच पुढे वेशीकडे निघाले. सगळी गोष्ट पाठ असलेला गुड्डूसुद्धा गेला. आम्ही त्याला धारेवर धरलं तर म्हणतो, "तो बदमाश आहे, माहीत आहे मला. पण बाकी कोणी विचारलंच नाही ना!"

* * *

शेवटपर्यंत खेळणारं घरातलं पहिलं माणूस म्हणजे मिलिंदची आई. काकू दार धरता धरता आमच्याशी गप्पा मारत होत्या. आवाज आला, त्यांनी हो म्हटलं, तेजराव पडला, स्क्रीन मिट्ट काळी झाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

काकू उठल्या. "गेली वाटतं लाईट. तेवढ्यात कणीक मळून घेते."

त्या काळात आमच्याकडे वीज जेवढी असायची त्यापेक्षा जास्त वेळ नसायची, त्यामुळे त्यांचाही दोष नव्हता. पण डोक्यावर पंखा फिरत होता! मी मागे धावले. काकू, लाईट गेलेली नाही, तेजराव अंधारात गेलाय, असं कळवळून सांगितलं.

त्यांनी परातीत पाणी ओतलं. "जाऊ दे ग. सहा वाजता येते."

* * *

आणि मग तो रविवार.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. घरातल्या घरात. खुर्ची ओढून बसले आणि कसं चालवायचं ते विचारलं. गुड्डूने बाण दाखवले. मिलिंद दाराच्या चौकटीत उभा राहिला, आत येईना.

बाबा दोन बोटांनी खेळत होते. प्रत्येक पाटीशी थांबायचे, गुड्डूचा आवाज पूर्ण ऐकायचे, मग पुढे. म्हाताऱ्याला त्यांनी सोडलं नाही, त्याच्या चालीने चालत वेशीपर्यंत आणलं. कोणाचं धान्य घेतलं नाही. स्क्रीन एवढ्या पुढे इतकी उजळ राहिलेली आम्ही कधी बघितली नव्हती. स्वामीने जेवलात का विचारलं, तर त्यांनी हो, जेवून आलोय, असं तोंडाने सांगितलं आणि पुढे निघाले. शैलेशने माझा हात घट्ट धरला.

मग वेस आली. बाबांनी बटण दाबून धरलं. बोट दुखलं तसं बोट बदललं. मग हात बदलला. आवाज आला, त्यांनी नाही म्हटलं. पुन्हा आवाज आला, पुन्हा नाही. इतका वेळ ते दार कोणीच धरलं नव्हतं.

पुन्हा आवाज आला, "टेक आता. पुढचं मी बघतो."

"दमलाय तो," बाबा म्हणाले, आणि हो केलं.

स्क्रीन काळी झाली. त्यापुढे मी काही लिहिलंच नव्हतं. ना गाणं, ना नावं, नुसता अंधार. तोच आमचा शेवट होता.

मिलिंद दारातून म्हणाला, "संपला, बाबा."

बाबा उठले नाहीत. त्यांनी बाणाचं बटण दाबलं. स्पीकरमधून पाऊल वाजलं. पुन्हा दाबलं. पुन्हा पाऊल.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मिलिंदने चित्र बंद केलं होतं, पण पावलांचा आवाज बाणाला जोडलेला तसाच राहिला होता. इतक्या जणांनी खेळून बघितलं, पण तेजराव पडल्यावर बटण कोणीच दाबलं नव्हतं.

"चालतोय की हा," बाबा म्हणाले.

मिलिंदने घाईघाईने सांगितलं की ती चूक आहे, काढून टाकतो.

बाबांचं लक्ष नव्हतं. कान स्पीकरकडे लावून ते चालवत होते. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, मग सरळ.

"बाहेर निघायचं दार कुठल्या बाजूला ठेवलंयस?"

"ठेवलेलं नाही, बाबा. गोष्ट इथंच संपते."

"माणूस चालतोय आणि गोष्ट संपली?"

मिलिंद पहिल्यांदा आत आला. ठेवता येईल, पण बरंच काम आहे, वेळ लागेल, असं तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि उद्या सोमवार आहे."

बाबांनी बाणावरचं बोट काढलं नाही.

"ठेव तू दार," ते म्हणाले. "मी थांबतो."