गाडीतलं जातं

भुताखेतांवर, दृष्टांतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं... पण हा एक प्रसंग मला अजून सोडवता आलेला नाही.

निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षं. उमरग्यात आमचं भुसाराचं दुकान होतं. तहसिलीतल्या एका अंमलदाराची बदली झाली, तेव्हा त्यांच्या सामानातलं एक मोठं चित्र अप्पांनी – माझ्या वडिलांनी – घरी आणलं. माळरान, बुंध्याशी वाकलेली एकच बाभूळ, तिथं फुटलेल्या दोन वाटा. एक ओढ्यात उतरणारी, दुसरी माळावरून जाणारी. बैलगाडीत बाई आणि तान्हं मूल, पुढं काठी टेकत एक म्हातारा. चित्र कुणी काढलं, कुठलं आहे, हे अंमलदारालाही ठाऊक नव्हतं.

मी म्हणायची, ही माणसं जत्रेला निघालीत. माझी विधवा आत्या, निलव्वाआत्या, आमच्याकडेच राहायची. तिनं एकदा चित्र नीट निरखलं.

"जत्रेला कुणी दळायचं जातं नेतं व्हय? घर सोडून चाललेत ही. म्हातारा ओढ्याकडं निघालाय, पण बैलांनी माना माळाकडं वळवल्यात बघ. ओढ्यात न्हाय जायला पाहिजे ह्यांनी."

गाडीत खरंच जातं होतं. आम्ही इतके दिवस ते गाठोडं समजत होतो. अप्पा नुसते हसले.

पुढं गावात लुटालुटीची धास्ती वाढली आणि एका सकाळी आम्हीही सोलापूरकडं निघालो – सडक टाळून, आडवाटेनं. दुपारी गाडी एका माळावर आली. तीच वाकलेली बाभूळ... त्याच दोन वाटा. या बाजूला आमच्यापैकी कुणी कधी आलं नव्हतं. आत्याचं सासरही दुसऱ्या दिशेला, आळंदकडं. ओढ्याची वाट जवळची दिसत होती, म्हणून अप्पांनी बैल तिकडं वळवले. आत्या गाडीतून उतरली आणि बैलांपुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, माळानं चला."

अप्पांनी समजावलं, मग रागावले. ती हलली नाही. शेवटी चिडूनच त्यांनी गाडी माळावर घातली.

निजामाच्या हद्दीपलीकडच्या गावात पोचल्यावर कळलं, त्याच दुपारी ओढ्यात दबा धरून बसलेल्यांनी मागच्या गाड्या लुटल्या होत्या. दोन माणसं जिवानिशी गेली.

काही महिन्यांनी घरी परतलो, तेव्हा अप्पांनी आत्याला विचारलं, तू ती जागा ओळखलीस कशी?

"जागा म्या कुठं ओळखली, दादा? बाभळीकडं तर बघितलंबी न्हाय. ओढा दिसला, अन् चित्रातल्या त्या गाडीतल्या माणसांची काळजी वाटली."

चित्रकार कोण, त्यानं तो माळ कधी पाहिला, आणि आम्हीच तिथं कसे पोचलो... मला आजतागायत कळलेलं नाही. अप्पा मात्र त्यानंतर कुठंही निघताना आत्याला विचारायचे, कोणत्या वाटेनं जाऊ? ती म्हणायची, मला काय कळतंय. आणि मग सांगायची.