लाल उडालेल्या काचा

प्रयोगशाळेत तिला सगळे धूळताई म्हणत. तिला ते आवडत नसे, पण खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं. कर्करोग रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत कुणी दार उघडं टाकलं, की ती चारचौघांत त्याची हजेरी घ्यायची.

तिचं काम काचेच्या पट्ट्यांचं. दोन बोटं रुंद पट्टी, तिच्यावर हजारो बारीक ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यात एकेका जनुकाचे तुकडे चिकटवलेले. पेशीत जी जनुकं कामाला लागलेली असतात, त्यांचे निरोप आरएनएच्या रूपात फिरत असतात. गाठीतले निरोप काढून त्यांच्या नकलांना लाल रंग लावायचा, त्याच रुग्णाच्या निरोगी भागातल्या नकलांना हिरवा. दोन्ही मिसळून काचेवर सोडायचे आणि काच रात्रभर उबेत ठेवायची. ज्याचा त्याचा ठिपका सापडला, की ते चिकटून बसतात. सकाळी काच धुऊन, सुकवून स्कॅनरमध्ये घालायची. ठिपका लाल दिसला तर ते जनुक गाठीत जोरात चालू, हिरवा दिसला तर गाठीत थंड, पिवळा तर दोन्हीकडे सारखं. धुळीचा कणही स्कॅनरला ठिपक्यासारखाच लखलखीत दिसतो. तिचं सगळं वैर त्या कणाशी होतं.

गेले काही आठवडे काचा हिरव्या निघत होत्या. औषध ज्यांना लागू पडलं नाही, अशा रुग्णांच्या गाठी तपासणं चालू होतं. संगणकावर बसणाऱ्या संशोधकाला ती आकडेवाला म्हणायची. त्याने हिशेबात सगळ्या काचा एका पातळीवर आणून पाहिल्या, तरी जनुकांचा एक गट थंडच राहिला. विभागप्रमुख डॉक्टरबाईंना त्यात शोध दिसत होता. औषध हरतं ते या गटामुळे, असं सांगणारा निबंध याच आठवड्यात परिषदेला जायचा होता. आकडेवाल्याला मात्र अधूनमधून शंका यायची, आणि तो ती तोंडावर बोलून दाखवायचा.

"ताई, धुताना हात जड तर पडत नाही ना?"

"माझा हात जड असता तर तू पहिल्या दिवशीच सरळ झाला असतास."

शेवटची काच राहिली होती. ज्या बाईची ती गाठ, ती गेल्या महिन्यात वारली. वाटाण्याएवढा तुकडा मिळाला होता, त्यातून जेमतेम एका काचेपुरता आरएनए निघाला. धूळताईने तो रंगवून काचेवर सोडला, काच उबेला लावली आणि ती घरी गेली.

जेवताना नवऱ्याने नाक वर केलं. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं.

"तुझ्या केसांना माझ्या दुकानाचा वास येतोय."

"मी कशाला येऊ तुमच्या दुकानात?"

"लेकीने दिलेलं ते हवा साफ करायचं यंत्र तिकडे नेलंस ना? घरात लावायचो तेव्हाही मला गल्ल्यावर बसल्यासारखं वाटायचं. ओझोन तो. झेरॉक्सच्या मशीनलाही सुटतो." मग त्याने भाजी वाढून घेतली. "दुकानातल्या मशीनमागची पाटी बघितलीस? त्या ओझोनने लाल अक्षरं पार उडाली. काळी आहेत तशी आहेत."

तिचा घास हातातच राहिला. धुतलेल्या काचा स्कॅनर मोकळा होईपर्यंत ती त्या यंत्राला खेटून ठेवायची. का, तर तिथे धूळ सर्वांत कमी. लाल रंगाला उजेड सोसत नाही, म्हणून डब्यांना चांदीचा कागद गुंडाळायची. हवेचं तिच्या मनातही आलं नव्हतं. यंत्र तिने स्वतः आणलं होतं, कुणालाही न विचारता.

"काय झालं?"

"काही नाही. जेवा."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. यंत्राची पिन काढली, ते उचलून जिन्याखालच्या कपाटात ठेवलं आणि खोलीतला वास जाईपर्यंत काचेला हात लावला नाही. मग काच धुतली, सुकवली आणि कुठेही न टेकवता थेट स्कॅनरमध्ये घातली. पडद्यावर चित्र उमटत गेलं. लाल, पिवळे, हिरवे, सगळे ठिपके होते. थंड म्हटलेल्या गटातले बहुतेक लाल पेटले होते.

वारलेल्या बाईचा तुकडा वाया गेला नव्हता. यंत्र कपाटातच राहिलं, तर आधीच्या काचांचं कुणाला कळण्याचं कारणही नव्हतं.

आकडेवाला आला, खुर्ची ओढून बसला आणि या काचेचे आकडे बाकीच्यांशी ताडून पाहू लागला.

"ही एकटीच वेगळी पडतेय." तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या, तसा तो त्यांच्याकडे वळला. "मॅडम, बाकीच्या सगळ्या एका बाजूला आणि ही दुसऱ्या. काहीतरी बिघडलंय. वगळूया."

"परत करता येईल?" डॉक्टरबाईंनी धूळताईला विचारलं.

"नाही. आरएनए संपला."

"मग वगळ. निबंध उद्या जायला हवा."

आकडेवाल्याने माउस हातात घेतला.

"थांब," धूळताई म्हणाली. "बिघडलेल्या त्या आहेत. ही बरोबर आहे."

ती बाहेर गेली, कपाटातून यंत्र काढून आणलं आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. काचा कुठे ठेवायची, कधीपासून, पाटीचा रंग कसा उडाला, सगळं सांगितलं.

डॉक्टरबाईंचा चेहरा घट्ट झाला होता. "कुणाला विचारून आणलंत हे?"

"कुणाला नाही."

"आणि आज आधी बंद केलंत, मग काच धुतलीत. आम्हाला न सांगता."

"हो."

"हा वगळा म्हणाला नसता, तर सांगितलं असतंत?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

निबंध थांबवला गेला. चाचणी डॉक्टरबाईंनी स्वतः उभं राहून करवून घेतली. एकाच नमुन्याला दोन्ही रंग लावले, म्हणजे सगळे ठिपके पिवळेच यायला हवेत. दोन काचा केल्या. एक यंत्राशेजारी ठेवली, ती हिरवी झाली. दुसरी लांब ठेवली, ती पिवळी आली. थंड गट निबंधातून गेला, आणि जिच्या जोरावर तो गेला ती वारलेल्या बाईची काच मोजणीत राहिली.

ज्यांचा आरएनए शिल्लक होता, त्या रुग्णांच्या काचा पुन्हा केल्या. तिघांचा संपला होता. धूळताईला कामावरून कुणी काढलं नाही, पण खोलीत नवीन काही आणायचं तर डॉक्टरबाईंची सही लागेल, असा कागद दारावर लागला. तो कुणासाठी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिघांच्या रिकाम्या नळ्या फ्रीजरमध्येच होत्या. जागा अडते म्हणून आकडेवाला त्या काढायला निघाला.

"राहू देत," ती म्हणाली. "आणि दार लाव आधी. धूळ येतेय."