ब्लाउजच्या दोऱ्याची माशी

ज्याला मासे मिळतात तो घरी जाऊन रस्सा करतो. ज्याला मिळत नाहीत त्याच्याकडे किस्से साठतात. आमच्याकडे किस्से इतके आहेत की बाकीचं तुम्हीच ओळखा!

आम्ही तिघे. कळमन्यात धान्याची दलाली करणारा बंडू, बुटीबोरीच्या कापड कारखान्यातला मी आणि आमचा गुरू प्रमोद. प्रमोद विमा कंपनीत क्लेम पास करतो, म्हणजे बहुतेक वेळा करत नाही. व्हिडिओ बघून बघून तो फ्लाय फिशिंग शिकला. गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही. बारक्या गळावर रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यावर कोंबडीच्या मऊ पिसाचे एक-दोन वेढे, झाली माशी तयार! मेफ्लाय नावाचा किडा पंख फुटायच्या वेळी नदीच्या तळातून वर येतो, त्याची ही नक्कल. पाण्यात ते पीस किड्याच्या पायांसारखं हलतं आणि मासा फसतो. निदान व्हिडिओत तरी फसतो.

इथवर ठीक होतं. पण एकदा सावजी खानावळीत बसलेलो असताना प्रमोदनं शपथ घेतली, "माह्या हातच्या माशीवर मासा पकडल्याशिवाय मी मासा खाणार नाही!" वर नियमही केला की पकडलेला मासा पाण्यात परत सोडायचा.

बंडूनं हाड चोखत विचारलं, "म्हणजे नाही मिळाला तरी उपाशी, अन् मिळाला तरी उपाशीच?"

खरी पंचाईत प्रमोदच्या बायकोची, शुभावहिनींची झाली. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, तलावाच्या काठचं. माशाशिवाय त्यांचा रविवार होत नसे. नवरा खात नाही म्हटल्यावर त्यांनी घरात मासा आणणंच बंद केलं. तीन पावसाळे गेले. आम्हाला बाईची दया यायची, प्रमोदची अजिबात नाही.

०००

दोऱ्यासाठी प्रमोद सीताबर्डीच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेला. काउंटरवर बायकांची ही गर्दी! त्याचा नंबर आला तशी दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, ब्लाउजपीस दाखवा."

प्रमोदनं खिशातून काडेपेटी काढली आणि उघडली. आत कापसावर मेलेला मेफ्लाय. "याच्या पोटाले मॅच होईल असा दोरा पाहिजे."

बाजूच्या बायका मागे सरकल्या. मुलगी मात्र धंद्यात मुरलेली. "काका, बाहेर उन्हात चला. ट्यूबलाइटमध्ये कलर वेगळाच दिसते." दोघांनी उन्हात उभं राहून किड्याचं पोट पाहिलं, मेंदी रंगाची एक रीळ ठरवली. बिल करताना तिनं सवयीनं विचारलं, "फॉल-बिडिंग लावून देऊ का?"

०००

पिसं हवीत गावरान कोंबडीच्या मानेची, ठिपक्यांची, मऊ. चिकनवाल्याला प्रमोदनं सांगितलं, "कोंबडी तू ठेव, मले फक्त मानेची पिसं दे."

चिकनवाल्यानं हात थांबवला. पिसं कागदात नीट बांधून दिली. घरी येऊन पुडी सोडली तर आत पिसांबरोबर दोन लिंबं आणि सात मिरच्या!

दुसऱ्या दिवशी प्रमोद भांडायला गेला. चिकनवाला हळूच म्हणाला, "साहेब, परवा अमावस्या आहे. मले वाटलं तुम्ही विसरले."

०००

दोरी फेकायची प्रॅक्टिस बिल्डिंगच्या गच्चीवर चाले. एका रविवारी हवेत छान गोल काढला, झटका दिला, गळ कशात तरी रुतला. प्रमोद ओरडला, "लागला, लागला!" खालच्या मजल्यावरच्या ठाकरेकाकांची बनियान डोलत डोलत वर आली.

काका खालूनच ओरडले, "इतकी आवडली तर मागून घ्यायची ना गा!"

०००

कन्हान नदीच्या काठी दर वेळी एक म्हशीवाले बाबा आम्हाला बघत बसत. शेवटी एकदा त्यांना राहवलं नाही. "काय करून राहिले जी?"

प्रमोदनं शास्त्र समजावलं, मासा पकडायचा, हात ओला करून धरायचा, अलगद सोडायचा.

"मंग पकडता काहून?"

प्रमोद बोलायला लागला. बरंच बोलला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हशीकडे वळले आणि म्हणाले, "चाल वं, हे आपलं काम नाही."

०००

आणि मग मागच्या हिवाळ्यात, सकाळी, त्याच काठावर, प्रमोदच्या दोरीला खरोखर हिसका बसला!

मेंदी रंगाचा ब्लाउजचा दोरा, लिंबू-मिरचीवाल्या कोंबडीचं पीस आणि त्याच्या टोकाला वीतभर चंदेरी मासा. प्रमोदच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू? त्यानं मासा पाण्यातच धरून ठेवला, बघत राहिला आणि सोडला. बंडूनं कपाळावर हात मारला. फोटो कुणीच काढला नव्हता.

"शपथ सुटली!" म्हणून बंडूनं वाटेत मोठी रोहू घेतली. आम्ही तिघे वाजतगाजत प्रमोदच्या घरी. वहिनींनी विचारलं, "मासा कुठाय?"

"सोडला."

"फोटो?"

बंडूनं रोहूची पिशवी पुढे केली. वहिनींनी चष्मा लावला, प्रमोदच्या टोपीला अडकवलेली माशी काढली आणि खिडकीपाशी नेऊन निरखली. दोरा उसवला होता, पीस अर्धं कुरतडलेलं होतं.

"चावलंय खरं काहीतरी," एवढंच म्हणून त्यांनी रोहू उचलली आणि आत गेल्या.

तासाभरानं ताटं आली. तीन पावसाळ्यांनंतर त्या घरात माशाचा वास सुटला होता! प्रमोदनं सगळ्यात मोठा तुकडा उचलला, डोळे मिटले, तोंडापाशी नेला. वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"पकडला ना?"

"हो."

"आता सोडा."

प्रमोदची बोटं आपोआप सुटली. वहिनींनी तो तुकडा ताटातून उचलला आणि त्याच्यासमोर उभ्या राहून, काटे काढत, सावकाश खाल्ला.