राठोड मॅडमचा लाल डाग

राठोड मॅडम प्रत्येक वस्तू आधी मोडून पाहत, मग बनवू देत. वणीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार होत. मी त्यांचे नकाशे काढायचो. मॅडम संगणकात त्या ट्रॉलीवर भार टाकत, तिला चढावर नेत, खड्ड्यात आदळत. जिथे ताण जास्त, तिथे पडद्यावर लाल डाग उमटे. "इथं पडद्यावर मोडू द्या," त्या म्हणत. "इथं मोडली तं कोणाले लागत नाही."

त्या आर्णीकडच्या तांड्यातल्या. वणीत खोली घेऊन एकट्याच राहत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे लिंबाखाली बसायचो. त्या पडद्यासमोरच डबा उघडत. बोलावलं तर म्हणत, "गणित चालू हाये." पुढे आम्ही बोलावणं सोडलं.

एकदा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तिथल्या पट्टीवर डाग आला. धोटे मिस्त्री म्हणाले, पट्टी जाड करू. मॅडमनी जाडी तशीच ठेवली, फक्त आतला काटकोनी कोपरा गोल केला. डाग गेला, लोखंडही वाढलं नाही.

पण जुन्या पट्टीची एक ट्रॉली आधीच झरी जामणीकडे विकली गेली होती. ती परत मागवा, असं मॅडमनी मालकांना सांगितलं. तक्रार नसताना आपणच दोष कशाला सांगायचा, असं मालकांचं म्हणणं पडलं. रविवारी मॅडमनी नवी पट्टी पिशवीत घातली आणि निघाल्या. बोल्ट खोलायचे पाने घेऊन मी सोबत गेलो.

शेतकरी चिडला. चांगली चालणारी ट्रॉली तो खोलू देईना. कापूस वेचणाऱ्या बाया रोज तिच्यातूनच जातात, म्हणाला. मॅडम अंगणात बसून राहिल्या. दुपार कलल्यावर तो तयार झाला. बोल्ट काढून पट्टी हातात घेतली, तर कोपऱ्यात केसाएवढी चीर. त्यानं ती बोटानं चाचपली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. नवी पट्टी बसवून आम्ही निघालो, तेव्हा बाया हसत-बोलत ट्रॉलीत चढत होत्या. आम्ही कोण, हेही त्यांनी विचारलं नाही.

पुढे मॅडमची आई अंथरुणाला खिळली आणि त्यांनी नोकरी सोडली. बसस्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. मी म्हटलं, "मॅडम, ट्रॉलीतल्या त्या बायांना कधी कळणारच नाही."

"ज्याईले काही झालंच नाही, त्याईले काय कळन?" त्या म्हणाल्या. मग पिशवी उचलत, "पण मले वाटे, कोणीतरी एकदा विचारावं, तुमी कोण म्हणून."

यवतमाळची बस हलली. मी हात वर केला. त्या समोर पाहत होत्या.